मेणवलीचा वाडा, महाडची वाट

भाताची झोडणी आटोपली, कणग्या भरल्या आणि सकाळच्या वेळी वरंधच्या डोंगरावर धुके रेंगाळू लागले, की आमच्या तळीये-बिरवाडी-पोलादपूरकडच्या घरांतून एका दिवसाच्या सहलीचे बेत सुरू होतात. रायगड झालेला असतो. शिवथरघळ झालेली असते. प्रतापगड तर मुलांना शाळेनेच दोनदा दाखवलेला असतो. मुंबईहून आलेले चाकरमानी भाऊबंद महाबळेश्वरचे नाव काढतात आणि घरातली वडीलधारी माणसे तोंड फिरवतात. तिथली गर्दी आता त्यांना सोसवत नाही. अशा घरांना एक जागा सुचवायची आहे. महाबळेश्वर मागे टाकून, पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला जावे आणि वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, मेणवली नावाच्या लहानशा गावात नाना फडणवीसांचा वाडा पाहावा.

वाडा पाहायला इतक्या लांब कशाला, हा प्रश्न घरातून येईलच. त्याचे उत्तर महाडकरांना तरी ठाऊक असायला हवे. या वाड्याच्या धन्याला एकदा आपले घरदार सोडून जिवानिशी घाट उतरावा लागला आणि तो थांबला तो आपल्या महाडात. तिथे बसून त्याने चार महिन्यांत पुण्याची गादी फिरवली. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला महाडचे कारस्थान म्हणतात. ज्या मुलखातून नाना खाली आले त्याच मुलखातून आपण वर जायचे, एवढेच.

आधी रस्त्याचे पाहू. तळीयेहून दोन वाटा आहेत. एक वरंध घाट चढून भोरला आणि तिथून मांढरदेवीच्या डोंगरावरून वाईला. दुसरी पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला. मी दुसरीच सुचवेन. लांब असली तरी कथेला तीच जुळते. पहाटे साडेपाचला निघालात तर वाटेत थांबत-थांबत दहापर्यंत मेणवली गाठता येते. एस.टी.ने जाणाऱ्यांनी महाबळेश्वरला आणि वाईला गाडी बदलावी, वाईहून रिक्षा मिळते. पावसाळ्यात मात्र हा बेत मनातही आणू नये. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ताही जागोजाग तुटला. तेव्हापासून आमच्याकडे जुलै-ऑगस्टात सहलीसाठी घाटाचे नाव कोणी काढत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी घाट खुला आहे ना, याची चौकशी करावी.

पहिला थांबा क्षेत्र महाबळेश्वर. बाजारपेठेचे नव्हे, जुने. तिथल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचे पाणी एकत्र येऊन गोमुखातून पडते. यातली सावित्री आपली. ती पोलादपूर-महाडवरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि मेणवलीच्या घाटाला लागून पुढे जाते. नाना फडणवीसांचे आयुष्य समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. कारण त्यांचे मूळ गाव वेळास हे बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी, म्हणजे सावित्रीच्या शेवटाला आहे आणि त्यांनी हौसेने बांधलेले घर कृष्णेच्या काठी. समुद्री कासवांच्या पिल्लांसाठी आज लोक जातात तेच वेळास. तिथले भानू हे नानांचे घराणे.

श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू सिद्दीच्या जाचाला कंटाळून देशावर गेले. भटांना पेशवाई मिळाली, भानूंना फडणिशी. नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ साली पहिल्या पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि तिथल्या दंगलीत मारले गेले. त्यांचेच नाव नातवाला ठेवले. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १२ फेब्रुवारी १७४२, सातारा. आजोबांचे नाव घरात उच्चारायचे नाही म्हणून मुलाला नाना म्हणू लागले आणि तेच नाव इतिहासात राहिले.

वडील १७५६ मध्ये वारले, तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. त्या वयात फडणिशी त्यांच्याकडे आली. फडणवीस म्हणजे नेमका कोण, हे आज आडनावामुळे आपण विसरलो आहोत. फड म्हणजे सरकारची कचेरी. सरकारातून निघणारी सनद, वराती, पगार, देणगी, मोहिमेचा खर्च, हे सगळे फडणिसाच्या दप्तरातून जायचे. त्याच्या दप्तरी नोंद नाही तर ते घडलेच नाही, असे म्हणायला हरकत नाही. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. दुसऱ्या सहीशिवाय पैसे हलत नाहीत ही गोष्ट बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असते आणि ती दुसरी सही करणाऱ्या माणसाविषयी सगळ्यांना थोडी भीती, थोडा राग असतो. मराठी राज्यात चाळीसेक वर्षे ती दुसरी सही नानांची होती. त्यांच्याविषयी लोकांनी जे बरेवाईट म्हटले, त्यातले निम्मे या एका गोष्टीतून आले असावे, असे मला वाटते.

पानिपतावर ते गेले होते, तेही लढायला नव्हे. सदाशिवरावभाऊंच्या लष्करासोबत उत्तरेची तीर्थे होतील म्हणून आई आणि पत्नीही बरोबर होत्या. १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ झाली तेव्हा एकोणिसाव्या वर्षातला हा पोरगा एकटाच, वेष पालटून, दक्षिणेकडे पळत होता. पत्नी पुढे सापडली. आई सापडली नाही. या सगळ्याची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मराठीतल्या अगदी जुन्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. लहानशीच आहे. तीत त्यांनी आपली घबराट लपवलेली नाही आणि मनातले विकारही लपवलेले नाहीत. पुढे ज्याच्या पोटातले पाणीही कोणाला कळले नाही, त्या माणसाने तरुणपणी इतके मोकळे लिहावे याचे नवल वाटते. तो मोकळेपणा पुढच्या आयुष्यात कुठे दिसत नाही.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६८ साली, भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवलीची जमीन नानांना दिली. नानांनी तिथे वाडा, घाट आणि देवळे उभी केली. पुण्यात त्यांचा वाडा होता, बेलबाग होती, त्या बागेत विष्णूचे देऊळ होते; पण ते सगळे कारभाराच्या गजबजाटात. मेणवली कारभारापासून दूर होती.

इथे पोचलात की आधी वाड्यात शिरू नये, सरळ घाटावर जावे. दहाच्या सुमाराला ऊन अजून कोवळे असते. चंद्रकोरीच्या आकाराचा हा घाट नदीकडे उतरत जातो, पायऱ्या रुंद आणि बसक्या, म्हातारी माणसेही सांभाळून उतरू शकतील अशा. काठावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे आहेत. शेजारच्या छोट्या इमारतीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. मुलांना ती आधी दाखवावी आणि मग विचारावे, देवळाच्या घंटेवर हे बाळ घेतलेल्या बाईचे चित्र कोणाचे? ती मेरी आहे, कडेवर बाळ येशू. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि त्या महाराष्ट्रातल्या देवळांत वाटल्या गेल्या. त्यांतली ही एक. नानांचा जन्म व्हायच्या आधीची लूट त्यांच्या दारात येऊन पोचली. शंकराने तिची हरकत घेतलेली नाही.

बाग म्हणून कोणी फुलांचे ताटवे आणि कारंजी डोळ्यांसमोर आणत असेल तर निराशा होईल. इथली बाग म्हणजे नदीकाठ, जुन्या झाडांची सावली आणि संथ पाणी. मांडवाखाली बसावे तसे तिथे सतरंजी टाकून बसता येते. डबा घरूनच न्यावा. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा असला तर उत्तम, फक्त देवळापासून लांब बसून खावा.

वाडा सहा चौकांचा. बाहेरून तो घरापेक्षा गढीसारखा वाटतो. भिंती जाड, दार मोठे. आत मात्र लाकूडकाम, ओसऱ्या, माडी आणि भिंतींवरची जुनी रंगचित्रे. रंग पुसट झाले आहेत, तरी काही ठिकाणी अजून टवटवीत आहेत. चित्रांना हात लावू नका हे मुलांना दारातच सांगावे. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा आत जाण्याआधी रखवालदाराला विचारावे, आत जायचे काही पैसे असतील ते द्यावे. ज्यांनी २००४ सालचा 'स्वदेस' चित्रपट पाहिला आहे त्यांना घाट ओळखीचा वाटेल, त्यातले गाव म्हणजे हेच मेणवली. तरुण पोरे त्या जागी उभी राहून फोटो काढतील. काढू द्यावेत.

चौकातून चौकात जाताना एक गोष्ट मनात ठेवावी. ज्याने हे घर इतक्या निगुतीने बांधले त्याला इथे निवांत राहायला फारसे मिळाले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि नानांचा स्वस्थपणा कायमचा संपला. राघोबादादांना गादी मिळू नये म्हणून बारा कारभारी एकत्र आले, गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या मुलाच्या नावाने, म्हणजे सवाई माधवरावांच्या नावाने, राज्य चालू केले. एकवीस वर्षे ते राज्य नानांनी चालवले. इंग्रजांना वडगावला १७७९ मध्ये खाली मान घालायला लावली, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाला हरवले. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशा एकेका वाघाला एका दावणीला बांधणे हेच खरे काम होते आणि त्यासाठी तलवारीपेक्षा टाक लागतो. तो नानांकडे होता.

त्याची दुसरी बाजूही आहे. बारभाईतले ज्येष्ठ सखारामबापू बोकील यांना नानांनीच पुढे कैदेत टाकले. साडेतीन शहाण्यांतला हा पूर्ण शहाणा अर्ध्या शहाण्याच्या कैदेत, १७८१ साली, आपल्या रायगडावर वारला. पुण्याचा कोतवाल घाशीराम याने १७९१ मध्ये जे केले आणि लोकांनी त्याला ज्या रीतीने ठार मारले, त्याचा बट्टाही नानांच्या कारभाराला लागला. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये आल्यापासून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तेच नाना उभे राहतात. नाटक नाटक म्हणून श्रेष्ठ आहे. पण नाटक पाहिले म्हणून वाडा पाहायचे राहू नये. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवरावांचे जे मोठे चित्र रंगवले, त्यात पेशव्यांजवळ बसलेले नाना आहेत. त्या चेहऱ्यावर मला तरी विलास दिसत नाही, हिशेब लागेपर्यंत न जेवणाऱ्या माणसाची ओढ दिसते.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. ते पडले की त्यांनी उडी घेतली, यावर आजही वाद आहे. त्यांना डोळ्यांत तेल घालून जपण्याच्या नादात नानांनी मोकळा श्वास घेऊ दिला नाही, हा आरोप मात्र टाळता येत नाही. गादीला वारस उरले ते राघोबादादांचे मुलगे. ज्या घराला दूर ठेवण्यात नानांची वीस वर्षे गेली, तेच दारात येऊन उभे राहिले.

यानंतरच्या घडामोडी बुद्धिबळाच्या डावासारख्या आहेत. थोडक्यात सांगायचे तर, दौलतराव शिंद्यांचा कारभारी बाळोबा तात्या फौजेसह पुण्यावर आला, नाना पुण्यातून निघाले ते पुरंदर, सातारा करीत वाईला, आपल्या मुलखात येऊन राहिले. परशुरामभाऊ पटवर्धन हे त्यांचे जुने जोडीदार बाळोबाला मिळाले. १७९६ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजीरावाला बाजूला सारून त्याच्या धाकट्या भावाला, चिमाजीला, पेशवा केले गेले. पाठोपाठ परशुरामभाऊंचा मुलगा चार-पाच हजार घोडेस्वार घेऊन नीरा ओलांडून वाईकडे निघाल्याची बातमी आली. भेटीला येणारा माणूस इतकी घोडी आणत नाही, हे नानांनी ओळखले. घर तीन किलोमीटरवर होते. जाड भिंतींचे, मोठ्या दाराचे, स्वतः बांधलेले. त्या घराचा अशा वेळी काही उपयोग नव्हता.

नाना कोकणात उतरले. घाटवाटा अडवल्या, पार घाटावर नजर ठेवणाऱ्या प्रतापगडावर शिबंदी भरली आणि महाडला पोचताच पहिले काम कोणते केले, तर रायगड लढवायला तयार केला. ज्या गडावर पंधरा वर्षांपूर्वी सखारामबापू कैदेत मेले, तोच आता नानांचा शेवटचा आधार. इकडे पुण्यातली त्यांची घरे जप्त झाली, जहागिरी वाटल्या गेल्या. वय चौपन्न. मूलबाळ जगलेले नाही. सगळ्यांनी हिशेब मिटवला होता.

महाडचा पावसाळा कसा असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सावित्री फुगते, वाटा बुडतात, घाटात चार हातांवरचे दिसत नाही. त्या पावसाळ्यात नाना महाडात बसून पत्रे लिहीत होते. पैसा त्यांनी एका जागी ठेवलेला नव्हता, ही बँकवाल्याला पटणारी गोष्ट. बाळोबाला कंटाळलेल्या शिंद्यांना प्रांताचे आणि पैशाचे आमिष, तुकोजी होळकरांशी जुना स्नेह, नागपूरकर भोसल्यांना वेगळा शब्द, कोल्हापूरकरांना पटवर्धनांच्या मुलखावर सोडणे, आणि ज्या बाजीरावाला आयुष्यभर दूर ठेवले त्याच्याशीच करार. ऑक्टोबरात निजामाशी महाडचा तह झाला. खर्ड्याला जे मिळवले होते ते बरेचसे या तहाने परत लिहून दिले. लढाई जिंकणारेही नाना आणि तिची वसुली माफ करणारेही नानाच. याला मुत्सद्देगिरी म्हणावे की स्वार्थ, यावर घरातल्या मोठ्या मुलांशी गाडीत वाद घालायला हरकत नाही. माझे मत विचाराल तर त्या तहात राज्याचे नुकसान झाले आणि ते नानांनाही ठाऊक होते.

ऑक्टोबरच्या शेवटी शिंद्यांनी बाळोबाला पकडले, परशुरामभाऊ पळाले आणि सापडले. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हा कारभारी.

पुढचे लवकर संपवतो. एका वर्षानेच, १७९७ च्या शेवटच्या दिवशी, नाना शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोज या युरोपियन सरदाराने दिली होती. तिथेच त्यांना कैद झाली. अहमदनगरच्या किल्ल्यात सहा-सात महिने राहून, पैसे भरून ते सुटले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

बहुतेक चरित्रे इथे थांबतात आणि वाडा दाखवणारेही नानांचा पलंग दाखवून थांबतात. मला वाटते वाड्याची खरी गोष्ट इथून पुढे आहे. नानांनी नऊ लग्ने केली, मुलासाठी. शेवटची बायको जिऊबाई. नाना गेले तेव्हा ती जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. आज त्या वयाची मुलगी चौथी-पाचवीत असते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने ते लग्न करायला नको होते, रीत कितीही मान्य असो.

त्या मुलीमागे बाजीराव लागला, कारण तिच्या नवऱ्याची दौलत. नानांचा विश्वासू धोंडोपंत निजसुरे लोहगड धरून बसला होता. तिने तिथे आसरा घेतला. शेवटी जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने ती इंग्रजांच्या हमीवर पनवेलला आली, सालीना बारा हजार रुपयांच्या नेमणुकीवर. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. नानांनी आयुष्यभर ज्या इंग्रजांना मराठी राज्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्याच शब्दावर त्यांच्या बायकोला जगावे लागले.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. बाजीराव बिठूरला गेला. जिऊबाईंच्या हाती मेणवली राहिली आणि त्यांनी ती सोडली नाही. १८२७ मध्ये दत्तक घेतला, घराणे चालू ठेवले. त्या १८५४ मध्ये वारल्या. म्हणजे चोपन्न वर्षांचे वैधव्य. नानांनी चालवलेले राज्य त्यांच्यामागे अठरा वर्षे टिकले, जिऊबाईंनी सांभाळलेले घर आजही उभे आहे. त्या घरातच नानांचे कागद राहिले. मेणवली दप्तर म्हणून इतिहासकार ज्याला ओळखतात ते हेच, साताऱ्याच्या रावबहादूर द. ब. पारसनीसांनी ते जगापुढे आणले. महाडहून गेलेल्या पत्रांचा माग लावायचा तर अशाच रुमालांतून लावावा लागतो. घर पडले असते तर कागद वाळवीला गेले असते. आमच्याकडे एका दुपारी घरे कशी नाहीशी होतात, ते आम्ही पाहिले आहे.

म्हणून वाड्यात गेलात तर पलंगापाशी जिऊबाईंचे नाव मुलांना आवर्जून सांगावे. घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी असेल तर तिला तर सांगावेच.

परतीला निघताना वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेले देऊळ, मूर्ती खरोखरच ढोली. ज्यांच्या घरी मराठी विश्वकोशाचे खंड आहेत त्यांना तो याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झाला हे आठवेल. पण रमू नये. साडेतीनला वाई सोडली तरच आंबेनळी उजेडी उतरून होतो, आणि तो अंधारात उतरू नये. पाचगणीत चहा घ्यावा, महाबळेश्वरात थांबू नये. प्रतापगडाचा फाटा आला की गाडी दोन मिनिटे बाजूला घ्यावी. तिथून खाली सावित्रीचे खोरे दिसते, पोलादपूरकडे जाणारा रस्ता दिसतो. १७९६ साली या गडावर बसलेली नानांची माणसे घाटमाथ्याकडून कोणी येते का ते पाहत होती. मुलांना गाडीतून उतरवून त्या दिशा दाखवाव्यात, त्यांना स्वेटर घालायला लावावे आणि निघावे. पोलादपूरला पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात.